तालुक्याच्या गावातली बँक: ठेव एकाची, मत दुसऱ्याचे

तालुक्याच्या गावात पैसे ठेवायला जागा कमी नाहीत. एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत चालत गेले तरी एखादी राष्ट्रीयीकृत बँक, जिल्हा मध्यवर्तीची जुनी इमारत, एक-दोन नागरी सहकारी बँका, पोस्ट, अलीकडे उघडलेली एखादी स्मॉल फायनान्स बँक आणि या सगळ्यांच्या मधल्या गाळ्यांत, वरच्या मजल्यांवर पाच-दहा पतसंस्था दिसतात. सगळीकडे काचेचे काउंटर, सगळीकडे पासबुक, सगळीकडे भिंतीवर ठेवींच्या व्याजदराचा तक्ता. निवृत्त होऊन गावी परतलेल्या शिक्षकाला किंवा बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्याला या दारांमधला फरक बाहेरून कळत नाही. फरक मात्र मोठा आहे. एका दारामागे पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो आणि शेजारच्या दारामागे एका रुपयालाही नसतो.

रिझर्व्ह बँकेच्या परवान्याशिवाय कोणालाही बँक चालवता येत नाही. परवाना नसलेल्या सहकारी संस्थेने नावात 'बँक' हा शब्द वापरणे बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ७ नुसार बेकायदा आहे, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला याची जाहीर आठवण करून द्यावी लागली. राष्ट्रीयीकृत, खासगी, ग्रामीण, स्मॉल फायनान्स, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती या सगळ्या रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतल्या बँका. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या असतात आणि त्यांच्यावर देखरेख सहकार खात्याची, म्हणजे तालुक्याला सहायक निबंधकाची आणि जिल्ह्याला उपनिबंधकाची. मल्टिस्टेट पतसंस्था याहून लांब. तिची नोंदणी केंद्राच्या २००२ च्या कायद्याखाली होते आणि तिचा निबंधक दिल्लीत बसतो. पैसे अडकलेला ठेवीदार उपनिबंधकाच्या कार्यालयात अर्ज घेऊन जातो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला ही गोष्ट पहिल्यांदा कळते.

ठेव विम्याचा इतिहास माहीत असला की त्याची मर्यादा नीट समजते. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, त्यानंतर १९६२ पासून देशात ठेवींना विमा मिळू लागला. सुरुवातीला तो १,५०० रुपयांचा होता. १९६८ च्या दुरुस्तीने सहकारी बँकांना त्यात येण्याची वाट मोकळी झाली. १९९३ मध्ये मर्यादा एक लाख झाली आणि पुढे सत्तावीस वर्षे तिथेच राहिली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख आहे. या पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जातात. एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या आपल्या नावच्या ठेवी एकत्र मोजल्या जातात, त्यामुळे एकाच बँकेच्या दोन गावांतल्या शाखांत पाच-पाच लाख ठेवून संरक्षण दुप्पट होत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने आणखी एक दिलासा दिला: बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले की विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत मिळावी, परवाना रद्द होण्याची वाट पाहावी लागू नये. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. मधली नऊ वर्षे ज्यांनी काढली, त्यांना या ९० दिवसांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. पोस्टातल्या ठेवींना सरकारची हमी असल्याने तिथे ही मर्यादाच लागत नाही.

एवढे वाचल्यावर कोणीही म्हणेल की मग स्थानिक संस्थांच्या वाटेला जायचेच कशाला? राष्ट्रीयीकृत बँकेत खाते काढावे, शिल्लक पोस्टात टाकावी, विषय संपला. ज्याला फक्त पैसे ठेवायचे आहेत त्याच्यासाठी हे उत्तर बरोबरही आहे. पण गाव केवळ ठेवीदारांचे नसते. ज्याला दोन लाखांचा माल भरायचा आहे, ज्याला पिठाच्या गिरणीची मोटर बदलायची आहे, जिला दुसरे शिलाई मशीन घ्यायचे आहे, त्यांना कर्ज कोण देणार हाच महाराष्ट्रातला जुना प्रश्न आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे आणि कागदपत्रे काढून जाळली, ती याच प्रश्नापायी. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली, ती कायदा होण्याच्या पंधरा वर्षे आधी. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये आला. तरीही १९५४ साली गोरवाला समितीचा ग्रामीण पतपाहणी अहवाल आला, तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला. बाकी बहुतेक सावकार. त्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. पुढे १९६९ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने बँकांचा विस्तार जिल्हा धरून व्हावा असे सुचवले आणि त्यातून अग्रणी बँक योजना आली. त्याच वर्षी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. आज तालुक्याच्या गावी जी मोठी बँक दिसते, ती या दोन निर्णयांमुळे.

ही मोठी बँक ठेवीसाठी भक्कम आहे, पण छोट्या कर्जासाठी ती दूर राहते. तिचा व्यवस्थापक तीन वर्षांत बदलून जातो. कर्जाचे प्रकरण जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या केंद्रात जाते आणि तिथे कागद बघितला जातो, दुकान नाही. ज्याची विक्री रोख आहे आणि ज्याने आयकर विवरणपत्र कधी भरलेले नाही, त्याच्याविषयी तो कागद काहीच सांगत नाही. काउंटरवर मराठी न बोलणारा कर्मचारी असला तर अर्जदार आणखी आक्रसतो. ग्रामीण बँका १९७५ पासून याच फटीसाठी निघाल्या. मे २०२५ पासून राज्यातल्या दोन ग्रामीण बँकांची मिळून एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. बँक सशक्त झाली असेल, पण कोकणातल्या शाखेचे मुख्य कार्यालय आता छत्रपती संभाजीनगरला आहे.

स्थानिक नागरी बँकेचा अधिकारी रोज त्या दुकानावरून जातो. पिग्मी एजंट तर रोज दुकानात जातो; शंभर रुपये घेताना गल्ला कसा चालला आहे, माल कमी झाला आहे का, मालक आजारी आहे का, हे त्याला दिसते. ही माहिती कोणत्याही अर्जात मावत नाही आणि छोट्या कर्जाचा निर्णय तिच्यावरच चांगला होतो. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. चेतना गाला सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन बँकेचा अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक महिला निरक्षर आहेत म्हणून तो नाकारला गेला. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. दिवसभर मजुरीला किंवा बाजाराला गेलेल्या बाईला बँकेच्या वेळेत येता येत नाही, म्हणून बँकच तिच्याकडे जाऊ लागली. दुष्काळी तालुक्यातल्या भाजीवालीची रोजची उलाढाल मुंबईच्या मुख्यालयातून कोणाला दिसली असती? विदर्भात १९८६ मध्ये सुरू झालेल्या बुलडाणा अर्बन पतसंस्थेने गोदामात ठेवलेल्या शेतमालावर कर्ज देण्याचे काम मोठ्या प्रमाणावर केले. भाव पडलेला असताना सोयाबीन विकावे न लागणे ही शेतकऱ्यासाठी किती मोठी गोष्ट आहे, हे सोयाबीनच्या पट्ट्यात राहणाऱ्यालाच कळते आणि ते तिथल्या संस्थेला आधी कळले.

हीच जवळीक स्थानिक बँकेचा घातही करते. जो संचालक दुकानदाराला ओळखतो, तो आपल्या व्याह्यालाही ओळखतो. गणपतीच्या मूर्तींसाठी सगळीकडे ठाऊक असलेल्या रायगड जिल्ह्यातल्या पेणमध्ये पेण अर्बन ही गावाची स्वतःची बँक होती. २०१० मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि बोगस कर्जखात्यांचा घोटाळा बाहेर पडला. मूर्तिकारांच्या, शेतकऱ्यांच्या, भूसंपादनात जमीन गेलेल्यांच्या ठेवी अडकल्या, आणि तेव्हा विमा एका लाखाचा होता. १९१० मध्ये सुरू झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात म्हापसा अर्बनचा परवाना एप्रिल २०२० मध्ये गेला. बडोद्याच्या 'अन्योन्य'चा परवानाही रिझर्व्ह बँकेने अखेर रद्द केला. जुनेपण हे सुरक्षिततेचे प्रमाण नाही हे या नावांवरून स्पष्ट व्हावे. मोठेपणही नाही: पीएमसी बँक अनेक राज्यांत पसरलेली होती आणि तिच्या कर्जांतला सत्तर टक्क्यांहून मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे गेलेला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये खातेदारांना सांगण्यात आले की फक्त हजार रुपये काढता येतील.

असे का होते, याचे माझे उत्तर संचालकांच्या चारित्र्यापाशी थांबत नाही. नागरी बँकेत कर्ज घेणाऱ्याला सभासद व्हावे लागते. त्याच्या कर्जातले काही टक्के भागभांडवलात जातात. ठेव ठेवणाऱ्याला सभासद व्हावे लागत नाही. म्हणजे संचालक निवडण्याचा हक्क मुख्यतः कर्जदारांकडे आणि जोखीम सगळी ठेवीदारांकडे. पतसंस्थेत यापुढची सोय असते. तिथे ठेवीदाराला 'नाममात्र सभासद' करून घेतात आणि नाममात्र सभासदाला मत नसते. वर्षानुवर्षे आयुष्याची पुंजी एखाद्या संस्थेत ठेवणारा माणूस तिच्या निवडणुकीत कोणीच नसतो. रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये नागरी बँकांच्या संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर बंदी घातली, तेव्हापासून गैरव्यवहार करणाऱ्यांनी दुसऱ्याच्या नावाची वाट धरली. पुढे शंभर कोटींवर ठेवी असलेल्या बँकांना संचालक मंडळाशिवाय जाणकारांचे व्यवस्थापन मंडळ नेमावे लागले, २०२० च्या कायद्याने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले आणि ऑगस्ट २०२५ पासून सहकारी बँकेच्या संचालकाला सलग दहा वर्षांहून जास्त त्या खुर्चीत बसता येत नाही. या सगळ्या सुधारणा चांगल्या आहेत. पण त्या वरून आलेल्या आहेत. ठेवीदाराच्या हातात त्यांनी मत दिलेले नाही.

पतसंस्थांच्या बाबतीत वरूनही फारसे काही आलेले नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेटचे ठेवीदार २०१५ च्या सुमारास रस्त्यावर आले. २०२३ मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये पुन्हा तेच घडले. त्यातही ऊसतोडीच्या जिल्ह्यात, जिथे हातात एकदम आलेला पैसा ठेवायला विश्वासाची जागा मिळणे ही मोठी गरज असते. अशा वेळी ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा आहे. त्याखाली मालमत्ता जप्त होते, सक्षम प्राधिकारी नेमला जातो, विशेष न्यायालयाच्या परवानगीने लिलाव होतो. एवढ्या टप्प्यांत वर्षे जातात आणि ठेवीदारांत म्हातारी माणसेच जास्त असतात.

जिल्हा मध्यवर्ती बँकेचा प्रश्न निराळा आहे. राज्यात अशा ३१ बँका असून गावची विकास सोसायटी, जिल्हा बँक आणि राज्य बँक अशा उतरंडीतून पीककर्ज येते. शेतकऱ्याला तिथे खाते टाळता येत नाही. नागपूर, वर्धा, बुलढाणा या बँकांना परवान्यासाठी लागणारे भांडवल वर्षानुवर्षे उभे करता आले नाही आणि सरकारला मदतीला यावे लागले. दुसरीकडे सातारा, पुणे, कोल्हापूर, सिंधुदुर्ग इथल्या बँका व्यवस्थित चालल्या. एकाच कायद्याखाली, एकाच राज्यात इतका फरक पडतो, म्हणून जिल्हा बँकेबद्दल सरसकट मत देता येत नाही. आपल्याच जिल्ह्याचा अहवाल पाहावा लागतो.

आता अहवालाकडेच येतो, कारण गावातली बँक निवडण्याची खरी जागा तिथे आहे. बँकेचा असो वा पतसंस्थेचा, वार्षिक अहवाल छापला जातो आणि सभासदाला मिळतो. पहिल्या पानांवरचे सत्काराचे फोटो उलटून ताळेबंदावर यावे. बँक असेल तर तीन आकडे आधी बघावेत. भांडवल पर्याप्तता किती: एका जिल्ह्यापुरत्या छोट्या नागरी बँकेला ती निदान ९ टक्के लागते आणि मोठ्या बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १२ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले आहे. ढोबळ अनुत्पादक कर्जे किती आणि निव्वळ किती. मग गेल्या तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून हे आकडे कुठल्या दिशेला चालले आहेत ते पाहावे. एका वर्षाचा आकडा सजवता येतो, तीन वर्षांची चाल लपवणे अवघड असते.

पतसंस्थेचा ताळेबंद वाचायला वेगळी नजर लागते. त्यात 'येणे व्याज' नावाची रक्कम असते. ती कर्जांच्या मानाने फुगत चालली असेल तर नफा कागदावर आहे आणि वसुली थांबली आहे, असे समजावे. इमारत, फर्निचर, डेडस्टॉक यांत किती पैसा घातला आहे ते पाहावे. ठेवीदारांच्या पैशाने उभी राहिलेली संगमरवरी फरशी अडचणीच्या दिवशी विकून ठेवी परत देता येत नाहीत. संस्थेने स्वतःची गुंतवणूक कुठे केली आहे हेही महत्त्वाचे. बहुतेक पतसंस्था आपला राखीव पैसा जिल्हा बँकेत किंवा नागरी बँकेत ठेवतात आणि ती बँक अडचणीत आली तर संपूर्ण पतसंस्थेला विमा मिळतो तो पाच लाखांपुरताच. एका बँकेवरच्या निर्बंधांनी तालुक्यातल्या पतसंस्था एकामागून एक आजारी पडतात, त्याचे हे एक कारण. ऑडिट वर्ग 'अ' आहे असे दारावर लिहिलेले असते. त्याला मी फार किंमत देत नाही, कारण लेखापरीक्षकाची नेमणूक संस्थेच्याच सभेत, सरकारी नामतालिकेतून का होईना, होते. आणि बाजारात सगळे साडेसात-आठ टक्के देत असताना एखादी संस्था बारा टक्के देत असेल, तर ते पैसे ती कोणाला आणि किती टक्क्यांनी देते, एवढा एकच प्रश्न काउंटरवर विचारावा.

सभासद झाले की आणखी दारे उघडतात. सहकार कायद्याच्या कलम ३२ नुसार सभासदाला संस्थेची ठरावीक कागदपत्रे पाहता येतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि संचालक व त्यांच्या कुटुंबीयांकडे किती कर्ज आहे याची माहिती त्या सभेपुढे ठेवणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात सभेत विषय वाचला जातो, मागून 'मंजूर, मंजूर' असा आवाज येतो आणि अर्ध्या तासात जेवणाच्या पंगती बसतात. या अर्ध्या तासात दोन शिक्षक, एक निवृत्त बँक कर्मचारी आणि एखादी बचत गटाची अध्यक्ष उभी राहिली आणि मोठ्या थकबाकीदारांच्या वसुलीविषयी विचारू लागली तर सभेचा नूर बदलतो. म्हणून माझा आग्रह आहे की गावच्या बँकेत ठेव ठेवणाऱ्याने थोडे भाग घेऊन पूर्ण सभासद व्हावे. भागांच्या रकमेला विमा नसतो, ती बुडू शकते, हे ध्यानात ठेवून कमीत कमी भाग घ्यावेत. मत एका सभासदाला एकच असते, भाग कितीही असोत.

पैशांची विभागणी त्यानंतर सोपी होते. निवृत्तीची मुख्य रक्कम पोस्टात आणि राष्ट्रीयीकृत बँकेत. धंद्याचे चालू खाते आणि कर्ज गावच्या नागरी बँकेत, तिथली ठेव व्याज धरून पाच लाखांच्या आत. पतसंस्थेत तेवढेच जे बुडाले तर घर अडणार नाही. बँकेच्या संकेतस्थळावर ठेव विमा महामंडळाचे चिन्ह असते, ते पाहून घ्यावे. तक्रार असेल तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे जाता येते. बिगर शेड्यूल्ड नागरी बँकांपैकी पन्नास कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असणाऱ्याच त्यात आहेत. पतसंस्था त्यात नाहीत. नामनिर्देशन करावे, नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात.

देशातल्या सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश महाराष्ट्रात आहेत आणि त्यांची संख्या विलीनीकरणाने आणि परवाने जाऊन कमी होत चालली आहे. ठेवीदाराच्या दृष्टीने विलीनीकरण बहुतेक वेळा चांगले असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध आलेली न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक ऑगस्टपर्यंत सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवी वाचल्या. पण तालुक्याच्या बँकेचे असे विलीनीकरण झाले की शाखा राहते, पाटी बदलते आणि कर्ज मंजूर करण्याचा अधिकार मुंबई-पुण्याला जातो. पिठाच्या गिरणीवाल्याची फाइल पुन्हा त्याला न ओळखणाऱ्या टेबलावर पोहोचते. छोट्या बँकांना एकत्र तंत्रज्ञान आणि भांडवल मिळावे म्हणून मार्च २०२४ मध्ये त्यांची राष्ट्रीय पातळीवरची शिखर संस्था सुरू झाली आहे. तिचा लाभ शंभर कोटींच्या आत ठेवी असलेल्या बँकांपर्यंत पोहोचला तर विलीनीकरणाखेरीज दुसरा मार्ग उरेल. पतसंस्थांच्या ठेवींना बँकांसारखा विमा आणि दहा हजारांपेक्षा जास्त ठेव असणाऱ्या प्रत्येकाला निवडणुकीत मत, या दोन गोष्टी राज्य सरकारने कायद्यात आणाव्यात. पहिलीला पैसा लागेल आणि त्याचा हप्ता संस्थांनी भरावा. दुसरीला कायद्यातली एक दुरुस्ती पुरेल, आणि संचालक मंडळांतून सर्वांत जास्त विरोध तिलाच होईल.